दार सगळ्यांना उघडं, तरच खेळ : जोसेफिन बेकर

जोसेफिन बेकर म्हटलं की लोकांना केळ्यांचा घागरा आठवतो. पॅरिसच्या फोली-बेर्झेरमध्ये १९२६ साली ती कमरेला खोटी केळी बांधून नाचली, आणि ते चित्र तिला आयुष्यभर चिकटलं. खरं तर त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं ती रंगमंचावर होती.

जन्म ३ जून १९०६, अमेरिकेतलं सेंट लुईस. आई लोकांचे कपडे धुवायची, पोर लहानपणीच गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. ती अकरा वर्षांची असताना नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमध्ये काळ्या लोकांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. ती भीती तिच्या मनातून कधी गेली नाही. पंधराव्या वर्षापर्यंत दोन लग्नं झाली होती. बेकर हे आडनाव दुसऱ्या नवऱ्याचं. कोरसच्या रांगेत शेवटची उभी राहून मुद्दाम पावलं चुकवायची, डोळे फिरवायची. प्रेक्षक हसत, आणि नाव तिचंच विचारत.

१९२५ मध्ये ती पॅरिसला गेली आणि एकोणिसाव्या वर्षी रातोरात गाजली. तिथल्या लोकांना तिच्यात एक काल्पनिक जंगल दिसत होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं तोच नाच केला, त्यावर पैसा आणि नाव मिळवलं, स्वतःच्या नावाचा क्लबही काढला. १९३० नंतर ती गायिका म्हणूनही मान्य झाली. पण १९३६ ला न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड फॉलीजमध्ये टीकाकारांनी तिला झोडपलं. पुढच्याच वर्षी लग्न करून ती फ्रेंच नागरिक झाली.

महायुद्धात तिनं फ्रेंच गुप्तहेर खात्यासाठी काम केलं. नामवंत कलावंतीणबाईचं सामान कोण तपासणार? गाण्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहिलेली माहिती तिच्याबरोबर पोर्तुगालला पोचली. पुढे मोरोक्कोत ती जिवावरच्या दुखण्यातून उठली आणि सैनिकांपुढे गायली.

तिचं सगळ्यांत धीट काम मात्र १९५१ मधलं. मायामीच्या एका बड्या क्लबानं बोलावलं, तेव्हा तिनं अट घातली : काळ्या प्रेक्षकांना आत बसू दिलं तरच खेळ. त्या शहरात तेव्हा हे अशक्य समजत. मालकानं मानलं, कारण गर्दी तिच्या नावावर होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका नामांकित क्लबात तिला जेवण वाढायला टाळाटाळ झाली. तिनं जाहीर तक्रार केली. स्तंभलेखक वॉल्टर विंचेल तिच्यावर तुटून पडला, कम्युनिस्ट असल्याचे आरोप झाले, अमेरिकेतली कामं गेली. तरी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ती फ्रेंच लष्करी गणवेशात उभी राहून बोलली.

मिलांदचा वाडा तिनं १९४७ मध्ये विकत घेतला. वेगवेगळ्या देशांतली, धर्मांतली बारा मुलं दत्तक घेतली; माणसं एकत्र राहू शकतात हे तिला दाखवायचं होतं. वाड्यात हॉटेल, बाग, नाटकगृह काढलं. हिशेबाची बाजू मात्र कच्चीच. मुलांना लोकांनी बघायला यायचं, हेही जरा विचित्रच होतं. १९५६ मध्ये तिनं रंगमंचाचा निरोप घेतला, आणि पैशाच्या ओढीनं तीन वर्षांत परत आली. तरी कर्ज फिटेना. १९६९ साली तिला वाड्यातून अक्षरशः बाहेर काढलं. मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस यांच्या मदतीनं मोनॅकोजवळ एक घर मिळालं.

८ एप्रिल १९७५ ला पॅरिसच्या बोबिनोत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तिच्या कारकिर्दीच्या पन्नाशीचा नवा खेळ सुरू झाला. प्रयोग गाजला. चारच दिवसांनी, मेंदूतल्या रक्तस्रावानं, ती गेली.

२०२१ मध्ये फ्रान्सनं तिला पँथेऑनमध्ये जागा दिली. तो मान मिळालेली ती पहिली काळी स्त्री. तिथल्या पेटीत सेंट लुईस, पॅरिस, मिलांद आणि मोनॅकोची माती आहे. देह अजून मोनॅकोतच आहे.