लक्ष्मणराव किर्लोस्कर : यंत्र आणणाऱ्याची जबाबदारी

उद्योगाच्या क्षेत्रात आपल्या बेळगाव-निपाणी भागाने देशाला दिलेले मोठे नाव म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. कारखानदार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण लोकांनी कधी न पाहिलेले यंत्र त्यांच्या हाती देताना देणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हेही त्यांच्या आयुष्यातून शिकता येते. आज रेशनपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळीकडे संगणक आला आहे. अशा वेळी त्यांचे चरित्र आपल्या मुलांना पुन्हा सांगावे, असे आम्हाला वाटते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते, मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे लक्षात आले की, त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकला सुटली, पण यांत्रिक आरेखन त्यांनी पक्के केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

मुंबईला असतानाच, 1888 मध्ये, दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामुअण्णा त्या विकत. सायकल तेव्हा चांगलीच महाग होती आणि ती चालवता येणारा माणूस शोधूनही सापडत नसे. म्हणून विक्रीबरोबर चालवायला शिकवण्याचीही सोय दुकानाने केली. शिकवणीचे पंधरा रुपये घेतले जात.

पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि मग लोखंडी नांगर. चिकोडी-निपाणीकडची काळी जमीन, तीत खोलवर गेलेली हरळी, आणि लाकडी नांगराला जुंपलेल्या बैलांच्या अनेक जोड्या, हे चित्र आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. लोखंडी नांगर हे काम चांगले करणार होता, तरी तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

शेतकऱ्याची ती भीती अनाठायी होती, पण त्याची सावधगिरी अनाठायी नव्हती. नांगर फसला असता तर वर्षाचे पीक त्याचे गेले असते, कारखानदाराचे नव्हे. लक्ष्मणरावांनी हे ओळखले होते. शेतकऱ्याला अडाणी ठरवून ते गप्प बसले नाहीत. विलायती नांगराच्या तोडीचा फाळ तयार करण्यासाठी ते ओतकामाचे प्रयोग करीत राहिले. नांगर पटला तो शेतातल्या अनुभवाने.

आजचे नवे यंत्र मात्र आपल्याला विचारून येत नाही. शेतात राबून किंवा विड्या वळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, आणि रिकाम्या हाताने परत जावे लागते ते त्यांनाच. नांगर नको म्हणण्याची मुभा त्या काळच्या शेतकऱ्याला होती. रेशनच्या रांगेतल्या आजीला तशी मुभा नाही. म्हणून यंत्र चुकले तर दुसरी वाट ठेवणे, हे ते बसवणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. लाकडी नांगर गावच्या सुताराच्या हातचा असे आणि त्याबद्दल त्याला सुगीला बलुते मिळे. कारखान्यातला नांगर आला तसे ते काम त्याच्या हातून जाऊ लागले. नव्या यंत्राचा लाभ एकाच्या पदरात आणि तोटा दुसऱ्याच्या पदरात पडतो, हे तेव्हाही खरे होते. आज संगणक कारकुनाचे, हिशेबनिसाचे, भाषांतरकाराचे काम करू लागला आहे, तेव्हा त्या सुताराची आठवण ठेवली पाहिजे.

बेळगावात जम बसत असतानाच नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना बिऱ्हाड हलवावे लागले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. 1910 मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

येथे त्यांनी माणसे कशी निवडली, ते पाहण्यासारखे आहे. कल्पक यंत्रज्ञ म्हणून नाव मिळवलेले अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले. गावाची आखणी आणि व्यवस्था पाहणारे रामुअण्णा यांचेही शिक्षण अपुरेच. रात्रीच्या राखणीला तर तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली होती आणि ती विश्वासाला उतरली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता.

आज यांपैकी कितीजणांचा अर्ज पुढे गेला असता? मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी संगणक चाळतो. प्रमाणपत्र नाही, शिक्षणात खंड आहे, एवढ्यावरून नाव गळू शकते, आणि का गळले हे सांगायला समोर कोणी नसते. जुना गुन्हा किंवा तरुणपणीची चूक एकदा इंटरनेटवर नोंदली गेली की पुसता पुसत नाही. आपल्याविषयीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही बाबतींत पुसून घेण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. पण माणसाला पुन्हा संधी द्यायची की नाही, हे शेवटी माणसानेच ठरवायचे असते. लक्ष्मणराव कागद बाजूला ठेवून माणूस पाहत. ते काम त्यांनी दुसऱ्या कशावर सोपवले नव्हते.

1920 मध्ये कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. यंत्रांची माहिती गिऱ्हाइकापर्यंत मराठीत पोचवणारे हे पत्रक पुढे महाराष्ट्रातले मान्यवर मासिक झाले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आपल्या सभासदांची कितीतरी मुले-मुली आज बेंगळुरू, पुणे आणि परदेशांत संगणकाच्या कामात आहेत. उद्याची यंत्रणा त्यांच्याच हातून घडणार आहे. ती वापरणाऱ्याला आपल्या भाषेत कळेल का, बिघडली तर त्याने कोणाकडे जायचे, आणि तिच्यामुळे कोणाचा घास जातो, एवढे त्यांनी काम हाती घेतानाच विचारावे. लक्ष्मणरावांच्या जिल्ह्यातून गेलेल्या मुलांकडून ही अपेक्षा ठेवणे आम्हाला रास्त वाटते.