मुशीच्या दातातून डोंगर वाचणारा माणूस

१६६६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिव्होर्नो बंदराजवळ, कोळ्यांना एक प्रचंड मुशी सापडली. मुशी म्हणजे हल्ली आपण सर्रास ज्याला शार्क म्हणतो तो मासा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या कानावर ही बातमी गेली. मेदिची घराण्यातला हा राजा शास्त्राचा शौकीन. मासा फ्लॉरेन्सला आणून त्याची चिरफाड व्हावी, अशी त्याची इच्छा. पण एवढे धूड आणायचे कसे? शेवटी मुंडके तेवढे तोडून आणले गेले आणि दरबारात नुकत्याच दाखल झालेल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञापुढे ठेवले गेले. त्याचे नाव निल्स स्टेन्सेन. लॅटिनमध्ये लिहिण्याच्या त्या काळच्या रिवाजामुळे जग त्याला निकोलस स्टेनो म्हणून ओळखते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे नाव गालातल्या लाळेच्या नळीमुळे ठाऊक असते, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला थरांच्या नियमांमुळे आणि कॅथलिक भाविकाला एका पुण्यात्म्याचे नाव म्हणून. हे तिघेही एकच, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

स्टेनोचा जन्म १६३८ सालचा, कोपनहेगनमधला. बाप सोनार. मूल दुखणाईत, त्यामुळे बालपण समवयस्कांत खेळण्यापेक्षा मोठ्या माणसांची बोलणी ऐकण्यात गेले. सोनाराच्या घरात बारीक कामाची सवय डोळ्यांना आपोआप लागते. पुढे सुरी हातात घेतल्यावर ती त्याच्या कामी आली असावी. कोपनहेगनला थोमास बार्थोलिन या नामांकित शरीरशास्त्रज्ञाकडे शिकून तो हॉलंडला गेला. १६६० साली अॅम्स्टरडॅममध्ये मेंढीचे डोके फाडताना त्याला कानाजवळच्या लाळग्रंथीतून तोंडात उतरणारी नळी सापडली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे हृदय म्हणजे प्राणाग्नीचे घर नसून एक स्नायू आहे, हे त्याने दाखवले. १६६५ मध्ये पॅरिसला मेंदूवर व्याख्यान देताना, मेंदूविषयी आपण सारेच किती अडाणी आहोत, हे त्याने विद्वानांना स्पष्ट सांगितले. पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा समोर काय दिसते आहे याला तो मान देई. त्या काळात ही सवय धोक्याची होती.

अशा माणसासमोर मुशीचे मुंडके आले. त्याने त्याची त्वचा, डोळे, मेंदू सारे तपासले आणि मग तो दातांपाशी थांबला. एकामागे एक ओळींनी रचलेले, त्रिकोणी, करवतीसारख्या कडांचे दात. असे दात त्याने आधी पाहिले होते, पण माशाच्या तोंडात नव्हे, तर दगडात.

माल्टा बेटावरच्या खडकांत असे त्रिकोणी दगड पुष्कळ सापडत. लोक त्यांना जीभदगड म्हणत. कोणी म्हणे ते ग्रहणाच्या वेळी आभाळातून पडतात. कोणी म्हणे सेंट पॉलने माल्टातल्या सापांना शाप दिला, त्या सापांच्या या जिभा. विषावर उतारा म्हणून श्रीमंत लोक ते गळ्यात बांधत. आपण हसू नये. गंडकीतून येणारा शाळिग्राम आपल्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तो प्राचीन समुद्रातल्या एका शंखधारी प्राण्याचा अवशेष आहे. श्रद्धा आपल्या जागी, पण दगडाला स्वतःचीही एक हकीकत असते. ती विचारणारा माणूस विरळा.

जीभदगड हे मुशीचे दात आहेत, असे स्टेनोच्या आधी फाबिओ कोलोन्ना या इटालियन पंडिताने लिहून ठेवले होते. स्टेनोने पुढचा प्रश्न विचारला. दात समुद्रातल्या माशाचा, तर तो डोंगरातल्या खडकाच्या पोटात शिरला कसा? खडक आधीच कठीण असता तर दात आत वाढताना वेडावाकडा झाला असता, खडकाला तडे गेले असते. तसे काही दिसत नाही. म्हणजे दात आधी, खडक नंतर. पाण्यात गाळ बसला, त्यात दात पुरला गेला आणि कालांतराने गाळाचा दगड झाला. जिथे आज डोंगर आहे, तिथे एके काळी पाणी होते. १६६७ साली त्याने हे छापले, तेही ठाम निकाल म्हणून नव्हे, तर सावध अंदाज म्हणून. दोनच वर्षांनी, १६६९ मध्ये, घन पदार्थात अडकलेल्या घन पदार्थांवरचा त्याचा छोटा ग्रंथ आला. खालचा थर जुना, वरचा नवा. थर मुळात आडवे बसतात, तिरपे दिसले तर ते नंतर हलले आहेत. आणि थरांना कापून जाणारी गोष्ट त्या थरांपेक्षा उशिराची. आज हे शाळकरी पोरालाही पटेल, पण तोवर ते असे कोणी मांडले नव्हते.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे नंदुरबार-शहाद्याकडे गेली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. विहिरींच्या कर्जाची पाहणी करायला मी जीपने हिंडत असे. विहिरीत डोकावले की मातीखाली मुरूम, त्याखाली काळा खडक, मध्येच एखादा तांबडा पट्टा. तोरणमाळच्या घाटात हेच थर डोंगराएवढे होऊन समोर येत. शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडांच्या भिंतीही दिसत. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. लाव्हाचे थर साचल्यावर त्यांच्या भेगांतून वर घुसलेल्या शिलारसाच्या त्या भिंती. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि नंदुरबार-धुळ्याचा पट्टा त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. अशी भिंत भूजल कुठे अडवते, कुठे वाट देते. म्हणून विहीर घेताना तिचा विचार करावा लागतो. थरांना कापणारे ते उशिराचे, हा स्टेनोचा नियम समजून घ्यायला आमच्या नंदुरबारच्या शिवाराइतकी चांगली शाळा नाही.

आणि या लाव्हाच्या खाली काय आहे? जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा वाहते. तिच्या खोऱ्यात, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या हद्दीत, बाघ नावाने ओळखले जाणारे खडक आहेत. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आत आला होता, त्याच्या तळाचे हे खडक. त्यांत शंखशिंपले आहेत आणि मुशीचे दातही सापडले आहेत. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. लाव्हा त्यावर नंतर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. समुद्रापासून एवढ्या लांबच्या या मुलखालाही मुशीचा शेजार होता, हे कळायला स्टेनोची नजर लागते.

दातच का टिकतात? मुशीच्या अंगात हाड नाही. तिचा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीवरच्या लवचीक भागासारखा. मेल्यावर तो विरून जातो. दात मात्र कठीण, शिवाय जन्मभर गळत आणि नव्याने येत राहतात. एकेक मुशी आयुष्यात हजारो दात टाकते. माल्टात एवढे दात कसे, या शंकेला स्टेनोने हेच उत्तर दिले होते.

त्याच पुस्तकात त्याने मुशीच्या जातीतल्या आणखी एका माशाची चिरफाड नोंदवली आहे. हा मासा पिल्ले घालणारा. त्याच्या पोटातली अंडी पाहून, बाईच्या शरीरातही अशीच बीजे असली पाहिजेत, असे त्याने मांडले. स्त्रीच्या ज्या अवयवाला तोवर दुय्यम समजले जाई, तो अंडाशय आहे, हा विचार एका माशापासून निघाला. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणारी छोटी सपाट नाकाची मुशीही पिल्लेच घालते, आणि तीही नाळेने पोसून. सेटना आणि सारंगधर यांनी मुंबईच्या मुशींच्या प्रजननावर १९४८ च्या सुमारास लिहिलेले निबंध अभ्यासक आजही काढून पाहतात.

मुशीचे सामर्थ्य आणि दुबळेपण दोन्ही इथे आहे. बांगडा-तारली हजारोंनी अंडी सोडतात. बहुतेक मोठ्या मुशी उशिरा वयात येतात, महिनोन्‌महिने पिल्ले पोटात वागवतात आणि मोजकीच जन्माला घालतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही फार कमी व्याजाची मुदत ठेव आहे. व्याजापुरते काढले तर ती पिढ्यान्‌पिढ्या पुरते. पण मुद्दलालाच हात घातला तर खाते पुन्हा भरत नाही.

आपण मुद्दलाला हात घातला आहे. चाळीस कोटींहून अधिक वर्षे या कुळाने काढली. डायनोसॉर ज्यात संपले तो संहार आणि त्याआधीचे चार महासंहार त्याने पचवले. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या समुद्रातल्या मुशी आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली; सगळ्या मुशी-पाकटांच्या जातींपैकी एकतृतीयांशाहून अधिक धोक्यात आहेत. कारण मुख्यतः एकच, अति मासेमारी. स्टेनोपुढे आलेली ती पांढरी मुशी आज भूमध्य समुद्रात अतिसंकटग्रस्त गणली जाते.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. २००१ मध्ये देवमाशाएवढ्या पण निरुपद्रवी व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. केवळ पर कापून जिवंत मासा समुद्रात फेकण्याला २०१३ मध्ये आळा घातला गेला, २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली, २०२२ च्या दुरुस्तीत यादी वाढली. संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याची भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली. मला ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. जाळे कर्जाचे असते आणि हप्ता समुद्राच्या तब्येतीसाठी थांबत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेले आहे. नुसता कायदा दाखवून त्या माणसाला बाजूला करता येणार नाही.

स्टेनोचे पुढे काय झाले? १६६७ च्या नोव्हेंबरात तो लुथरन पंथ सोडून कॅथलिक झाला. १६७५ मध्ये धर्मगुरू, १६७७ मध्ये बिशप. शास्त्र मागे पडले. ज्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून १६६९ चे पुस्तक छापले होते, तो त्याने कधीच लिहिला नाही. लायब्निट्झसारख्या तत्त्वज्ञाला याची हळहळ वाटली. उत्तर जर्मनीत तो कमालीच्या गरिबीत राहिला, उपास करी, गरिबांसाठी बिशपची अंगठीही त्याने विकली. १६८६ मध्ये श्वेरीन इथे, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याचा देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झोत ठेवला गेला. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला पुण्यात्मा घोषित केले.

एखादी जातच्या जात जगातून नाहीशी होऊ शकते, ही कल्पना त्याच्या काळात फारशी कोणाला नव्हती. ती मान्य व्हायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. आपल्याला मात्र ती ठाऊक आहे. अरबी समुद्राच्या तळाशी आज, या रविवारीही, गाळाचा एक थर बसतो आहे. त्याच्या खालच्या प्रत्येक थरात मुशीचे दात आहेत. आपल्या नावाच्या थरात ते किती असतील, हे आपल्या जाळ्यांवर अवलंबून आहे.