माझा फुटलेला सबवूफर आणि हरमन हेल्महोल्ट्झ

मागच्या वर्षी मी घरी सबवूफर बनवला आणि चौथ्याच दिवशी फोडला. जाड प्लायचा २०० लिटरचा डबा, त्यात १५ इंची ड्रायव्हर आणि पुढच्या बाजूला सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा. गाणी तर झकास वाजली. मग एका सिनेमात स्फोटाचा सीन आला. स्पीकरचा कोन खाडखाड आपटला, व्हॉइस कॉइल वाकून अडकली आणि सगळं शांत. साठवलेले पैसे त्या एका सीनमध्ये गेले.

चूक माझीच होती. पोर्ट म्हणजे डब्यातली हवा बाहेर पडायला ठेवलेलं भोक, असं मला वाटायचं. त्यामुळे पाइपची लांबी मी अंदाजपंचे ठरवली, ९ सेंटीमीटर. नेमकं काय चुकलं ते शोधत गेलो आणि पोचलो अशा एका जर्मन माणसापाशी, ज्याच्या हयातीत घरात वाजणारा लाउडस्पीकरच नव्हता. डब्याचं गणित मात्र त्याने करून ठेवलं होतं.

पैसे नव्हते, म्हणून डॉक्टर

हरमन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये झाला. वडील शाळेत शिक्षक. मुलाचा ओढा फिजिक्सकडे, पण ते शिकवायला घरात पैसे नव्हते. तोडगा निघाला तो असा: बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत सरकारी खर्चाने डॉक्टर व्हायचं आणि बदल्यात काही वर्षं सैन्यात नोकरी करायची. १८३८ मध्ये ते तिथे दाखल झाले आणि १८४२ मध्ये डॉक्टर झाले.

पुढे पॉट्सडॅमच्या बराकीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. बेडकाचा स्नायू आखडला की किती उष्णता निघते, हे ते मोजत होते. तेव्हा अनेकांना वाटायचं, की सजीवांच्या शरीरात कुठलीतरी वेगळी जीवनशक्ती असते. हेल्महोल्ट्झना ते पटेना. १८४७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी बर्लिनच्या फिजिकल सोसायटीत निबंध वाचला. त्याचा गाभा हा, की ऊर्जा नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते. मायर आणि ज्यूल हेही आपापल्या वाटेने इथेच पोचले होते. एका नावाजलेल्या नियतकालिकाने तो निबंध छापायला नकार दिला, तेव्हा तो वेगळी पुस्तिका म्हणून निघाला.

हा नियम लक्षात ठेवा. माझ्या डब्याचं बिल शेवटी याच नियमाने आलं.

कानाला लावायचा गोळा

१८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. डोळ्याच्या आत बघायचं ऑफ्थॅल्मोस्कोप हे यंत्र बनवलं आणि १८५१ मध्ये त्याची माहिती छापली. या यंत्राने ते युरोपभर प्रसिद्ध झाले. पुढे बॉन आणि १८५८ पासून हायडेलबर्ग.

या काळात त्यांना एक प्रश्न छळत होता. व्हायोलिन आणि बासरी एकच सूर वाजवतात, तरी आपण दोन्ही वेगळे कसे ओळखतो? त्यांचं म्हणणं असं, की एका सुरात अनेक साधे सूर मिसळलेले असतात आणि त्या मिश्रणावरून वाद्य ओळखू येतं. पण मिश्रणातला एकच सूर वेगळा ऐकायचा कसा? तेव्हा ना मायक्रोफोन होता, ना अ‍ॅप.

त्यांनी काचेचे आणि पितळेचे पोकळ गोळे वापरले. गोळ्याला एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला बारीक नळी. ती नळी गरम लाखेने कानाच्या मापाची करून कानात घट्ट बसवायची. प्रत्येक गोळा एकाच सुराचा. तो सूर गाण्यात आला की गोळा कानात घुमायचा, नाहीतर जवळपास गप्प. तुमच्या फोनवरचं स्पेक्ट्रम अ‍ॅप आज जे करतं, ते काम तेव्हा हे गोळे करायचे.

गोळा सूर कसा निवडतो? तोंडाशी असलेली हवा म्हणजे एक छोटं वजन. आतली कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगला टांगलेलं वजन आपल्याच ठरलेल्या गतीने हलतं, तसंच हे. घरी करून बघा: काचेच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारा आणि फोनवर अ‍ॅप चालू ठेवा. साधारण १०० हर्ट्झच्या आसपास टोक दिसेल. आता थोडं पाणी ओता. स्प्रिंग आखूड झाली, सूर चढला.

याचं गणित त्यांनी मांडलं त्या १८५९ मध्ये आधी वडील गेले आणि डिसेंबरमध्ये पत्नी ओल्गाही गेली. काम तरी थांबलं नाही. १८६३ मध्ये त्यांचं ध्वनीवरचं मोठं पुस्तक आलं. ट्यूनिंग फोर्क, विद्युतचुंबक आणि हेच गोळे जोडून त्यांनी स्वरांचे आवाजही तयार केले होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना जर्मन नीट येत नव्हतं. त्यांचा समज झाला, की हेल्महोल्ट्झनी स्वर तारेवरून पाठवलेत. या गैरसमजानेच त्यांना हुरूप आला आणि १८७६ मध्ये टेलिफोन झाला.

गोळ्यातून डब्यात

पोर्टवाला सबवूफर म्हणजे तोच गोळा, फक्त कपाटाएवढा. पाइपमधली हवा वजन, डब्यातली हवा स्प्रिंग. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये अशा डब्याचं पेटंट मिळालं. कोणत्या ड्रायव्हरला कसा डबा लागतो याचं नीट गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं.

आता माझा डबा. २०० लिटर, १५ सेंटीमीटर व्यासाचा पाइप, लांबी ९ सेंटीमीटर. हिशोब केला तर ट्यूनिंग साधारण ३६ हर्ट्झ. पाइपच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, म्हणून लांबीत अंदाजे ११ सेंटीमीटर मिळवायचे. एकूण २०. ट्यूनिंग निम्मं, म्हणजे १८ हर्ट्झ हवं असेल तर ही लांबी चौपट लागते. म्हणजे प्रत्यक्ष पाइप ७० सेंटीमीटर!

ट्यूनिंगच्या सुरावर कोन जवळपास स्थिर असतो आणि काम पाइप करतो. त्याच्या खाली गेलात, की डब्यातली हवा पाइपमधून नुसती आत-बाहेर करते, स्प्रिंगचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. त्या स्फोटात २० हर्ट्झच्या आसपासचा आवाज होता आणि माझं ट्यूनिंग ३६. दुसरं काय होणार होतं?

फुकट काहीच नाही

मग डबा छोटा का नाही करायचा? कारण ३० लिटरच्या डब्यात याच पाइपने १८ हर्ट्झ हवे असतील, तर पाइप पाच मीटरहून लांब लागतो. पाइप बारीक केला तर लांबी कमी होते, पण हवा इतक्या जोरात धावते की फुसफुस ऐकू येते. पोर्ट ऊर्जा तयार करत नाही. बंद डब्यात कोनच्या मागच्या बाजूचा जो आवाज वाया जातो, तो पोर्ट एका ठराविक पट्ट्यात कामाला लावतो, इतकंच. खोल बास, मोठा आवाज आणि छोटा डबा, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. १८४७ चा तो नियम इथेही सुटत नाही.

ज्या फिजिक्ससाठी तरुणपणी पैसे नव्हते, त्याच विषयाचे प्राध्यापक म्हणून हेल्महोल्ट्झ १८७१ मध्ये बर्लिनला आले. तिथे हाइनरिश हर्ट्झ त्यांचे विद्यार्थी होते. आपण सूर मोजतो ते याच विद्यार्थ्याच्या नावाने. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ गेले.

मी ड्रायव्हर दुरुस्त करून आणला. ७० सेंटीमीटरचा पाइप सरळ मावेना, म्हणून एल्बो लावून आत वळवला. त्याने अडवलेली जागा भरून काढायला डबा थोडा वाढवला आणि १७ हर्ट्झच्या खालचं सगळं अडवणारा फिल्टर लावला. आई म्हणाली, हॉलमध्ये दुसरा फ्रिज आणलास का? मग तोच सिनेमा, तोच सीन लावला. खिडकीची तावदानं थरथरली, पाइपसमोरचा पडदा फडफडला, आणि कोन मात्र जेमतेम हलत होता.