र. धों. कर्वे आणि बीज-क्षेत्राचा जुना हिशेब

रहाटणीत आता शेत शोधावे लागते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी माणसे आणली, माणसांमागून इमारती आल्या आणि गावाची जमीन त्यांच्याखाली गेली. शेतीच्या भाषेतील एक समजूत मात्र तेथे अद्याप सुखाने नांदत आहे. आमच्या शेजारच्या एका घरी तिसरी मुलगी झाली तेव्हा भेटीस आलेल्या एका वृद्ध बाईंनी सुनेकडे पाहून सरळ जमिनीलाच दोष दिला. मुलीचा बाप एका कारखान्यात सूक्ष्म मापे घेणारा कुशल कामगार. तोही मान खाली घालून ऐकत राहिला. त्या दिवशी प्रस्तुत लेखकाला रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण झाले.

स्त्री हे क्षेत्र व पुरुष हे बीज, ही कल्पना मनुस्मृतीत आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच मानले होते. तिला पहिला मोठा धक्का बसला तो १८२७ साली, कार्ल फॉन बेअर यांना सस्तन प्राण्यातील स्त्रीबीज दिसले तेव्हा. पुढे १८७६ च्या सुमारास ऑस्कर हर्टविग यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या पारदर्शक अंड्यात शुक्राणूचे व अंड्याचे अशी दोन केंद्रके एकरूप होताना पाहिली. माणसाच्या फलित अंडात आईकडून २३ व बापाकडून २३ गुणसूत्रे येतात. सुमारे एक दशांश मिलिमीटरची ही एकच पेशी दुभंगत दुभंगत संपूर्ण देह घडविते. पोषण तर आई देतेच, परंतु बीजातही तिचा निम्मा वाटा असतो. मुलगा होणार की मुलगी, हे मात्र बापाच्या शुक्राणूतील गुणसूत्रावर ठरते आणि तेही फलनाच्या क्षणीच. म्हणजे जमिनीला दोष देणाऱ्या त्या बाईंचा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकलेला होता.

हा हिशेब मराठी माणसाला उघडपणे समजावून देण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. १८९३ साली वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी घरावर बहिष्कार टाकला. समाज कसा कोपतो याचा धडा रघुनाथरावांना असा बालपणीच मिळाला. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले, गणिताच्या अध्ययनासाठी पॅरिसला जाऊन आले आणि मुंबईत प्राध्यापकी करू लागले. त्या काळच्या मध्यमवर्गाला याहून निर्वेध आयुष्य ठाऊक नव्हते.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. उभयतांनी स्वतः अपत्यहीन राहण्याचा निर्णय घेतला होता. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. अशा कामावर भ्रूणहत्येचा आरोप सर्रास होत असे. वस्तुतः प्रतिबंधक साधनाचे कार्य एवढेच, की शुक्राणू व स्त्रीबीज यांची गाठ पडू द्यायची नाही. फलित अंडच निर्माण झाले नाही, तर भ्रूण कोठून येणार? परंतु स्त्रीबीजाचे अस्तित्वच ज्यांच्या मनात शिरले नव्हते, त्यांना पुरुषाचे बीज हेच संपूर्ण मूल वाटे, आणि मग साधन वापरणे ही हत्याच ठरे.

विज्ञानाची बाजूही तेव्हा पूर्ण नव्हती, हे सांगितले पाहिजे. स्त्रीबीज महिन्यातील नेमक्या कोणत्या दिवसांत बाहेर पडते याचा उलगडा १९२४ मध्ये जपानचे ओगिनो व नंतर ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी केला. तोवर सुरक्षित दिवसांविषयी डॉक्टरांतही उलट्या समजुती होत्या. ते दिवस मोजून फसण्यापेक्षा साधन बरे, असे कोणाही व्यवहारी माणसाने म्हटले असते.

१९२५ मध्ये याच प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, आत वाचकांच्या शंकांना रोखठोक उत्तरे असत, आणि तोटा संपादकाच्या पदरी असे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही निकाल विरुद्ध गेला व दोनशे रुपये दंड झाला. १९३५ च्या अखेरीस वर्ध्यास मार्गारेट सँगर यांच्याशी बोलताना गांधीजींनी संयमाचाच आग्रह धरला. कर्व्यांना हा मार्ग कधीच मान्य नव्हता. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत आलेला संततिनियमनाचा ठराव फेटाळला गेला.

आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांची येथे थोडी अडचण होते. माल्थसपासून आमच्या विषयाला डोकी मोजण्याची सवय. आणि कृत्रिम साधने तर खुद्द माल्थसलाही नामंजूर होती. कर्व्यांना लोकसंख्येचा प्रश्न दिसत होताच, पण त्यांच्या विचारात आधी होती ती स्त्री, तिचे शरीर व तिचे सुख. महाराष्ट्राचा जननदर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला. डोक्यांचा हिशेब तर सुटला. त्याच महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. गर्भलिंग तपासणीवर देशातील पहिला कायदा या राज्याने १९८८ साली करूनही ही स्थिती. साधने घरोघर गेली. फलित अंडात कोणाचे काय असते, हे मात्र घराबाहेरच राहिले.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारने कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले आणि १९५२ साली कार्यक्रम सुरू केला. कर्व्यांच्या हाती तेव्हा जेमतेम दीड वर्ष उरले होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. ‘समाजस्वास्थ्या’चा नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा. वडील महर्षी तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी नऊ वर्षे जगले.