तूट भरायची कोणी? : जेम्स विल्सन यांची गोष्ट

अर्थसंकल्प आला की घरोघरी प्राप्तिकराची चर्चा होते. मग मुलं हमखास विचारतात, हा कर आणला कोणी? त्यांना जेम्स विल्सन यांची गोष्ट जरूर सांगा.

विल्सन यांचा जन्म १८०५ साली स्कॉटलंडमधील हॉविक गावी झाला. त्यांचा धंदा टोप्या बनवण्याचा. पुढे निळीच्या सट्ट्यात त्यांचे बरेच पैसे बुडाले, तरी त्यांनी देणेकऱ्यांची देणी फेडली. १८४३ मध्ये त्यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक सुरू केले. नंतर ते खासदार झाले आणि ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यातही त्यांनी काम केले.

इकडे १८५७ चा उठाव मोडताना लष्करावर प्रचंड खर्च झाला होता. तीन वर्षांची तूट तीन कोटी पौंडांच्या वर गेली आणि कर्जाचा डोंगर वाढला. म्हणून १८५९ च्या अखेरीस विल्सन यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले.

त्यांनी दोन्ही बाजूंनी हात घातला. लष्करी खर्च कमी करायचा, हिशेबतपासणीला शिस्त लावायची आणि सोबत नवे करही बसवायचे. १८६० मध्ये प्राप्तिकर आला. वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना त्यातून सूट होती.

मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना मात्र हे पटले नाही. आधी खर्च कापा, नव्या करांची गरजच पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांना कारभारात आवाज नसताना कर लादणे त्यांना धोक्याचे वाटे. हा विरोध त्यांनी उघडपणे छापून आणला, म्हणून त्यांना परत बोलावले गेले.

विल्सन यांना आपल्या कामाचे फळ पाहता आले नाही. ऑगस्ट १८६० मध्ये कलकत्त्यातच आजारपणाने त्यांचे निधन झाले. पुढे तेच ट्रेव्हेलियन अर्थसदस्य म्हणून परतले आणि १८६५ मध्ये प्राप्तिकर बंद झाला. १८८६ च्या कायद्याने तो परत आला, तो आजपर्यंत टिकून आहे.

वर्गात मुलांना एका घराचा जमाखर्च द्या आणि तूट भरून काढायला सांगा. काही मुलं खर्च कापतील, काही कमाई वाढवतील. मग एकच प्रश्न विचारा : कात्री कोणाच्या गरजेवर चालली आणि ते ठरवताना त्याला विचारलं होतं का? विल्सन यांचा हिशेब चोख होता, पण ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्या भारतीयांना मत नव्हते. आज आपल्याला मत आहे, म्हणून हा हिशेब मुलांना समजलाच पाहिजे.