विश्लेषण : औषधाच्या पाकिटावरील मुदत कशी ठरते? उष्णतेचे गणित मांडणारे स्वान्ते अऱ्हेनियस कोण होते?

गोळ्यांच्या पाकिटावर छापलेली मुदत बहुधा दोन-तीन वर्षांनंतरची असते. मात्र बाजारात येण्यापूर्वी ते औषध अनेकदा तितकी वर्षे ठेवून पाहिलेले नसते. तरीही ते तोवर टिकेल, असे कंपनी सांगते आणि औषध नियामक ते मान्य करतो. या विश्वासामागे १८८९ साली मांडलेले एक समीकरण आहे. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते ‘अऱ्हेनियस समीकरण’ म्हणून पाठ असते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या स्वीडिश शास्त्रज्ञाचा प्रबंध त्यांच्याच विद्यापीठाने जेमतेम उत्तीर्ण केला होता.

प्रबंधाला कमी श्रेणी का मिळाली?

स्वान्ते अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ झाला. वडील जमीन मोजणीदार होते. गणित आणि भौतिकशास्त्रात गती असलेल्या स्वान्ते यांनी उप्साला विद्यापीठात शिक्षण घेतले. तिथल्या मार्गदर्शनावर समाधान न झाल्याने १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला भौतिकशास्त्रज्ञ एरिक एडलुंड यांच्याकडे गेले. क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते, हा त्यांचा विषय होता.

१८८४ मध्ये त्यांनी सुमारे दीडशे पानांचा प्रबंध उप्सालात सादर केला. क्षार पाण्यात विरघळताच त्याचे काही कण विद्युतभारित तुकड्यांच्या रूपात वावरू लागतात, या कल्पनेचे बीज त्यात होते. मिठातला सोडियम आणि क्लोरीन पाण्यात वेगवेगळे फिरतात, हे त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना पटणारे नव्हते. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली, तोंडी परीक्षेनंतर ती तिसरी झाली. एवढ्या गुणांवर विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळणे अवघड होते.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंतांना पाठवल्या. रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना त्यातले मोल कळले. ते स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी या तरुणाला आपल्याकडे येण्याचे आमंत्रण दिले. वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस तेव्हा जाऊ शकले नाहीत. पण परक्या देशातील प्राध्यापकाने दखल घेतल्यावर उप्साला विद्यापीठानेही त्यांना अध्यापनाची जागा दिली. याच कल्पनेच्या पूर्ण रूपासाठी, म्हणजे आयनीभवनाच्या सिद्धांतासाठी, त्यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नोबेल मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक.

साखरेच्या द्रावणात काय सापडले?

उसाची साखर आम्लयुक्त पाण्यात हळूहळू फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. या क्रियेचा वेग प्रकाशाच्या साहाय्याने मोजता येतो, म्हणून ती रसायनशास्त्रज्ञांची आवडती होती. तापमान वाढवले की वेग वाढतो, हे माहीत होते. कोडे होते ते वाढीच्या प्रमाणाचे.

तापमान १० अंशांनी वाढले तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केही वाढत नाही. रासायनिक क्रियेचा वेग मात्र ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. एवढ्याशा फरकाने इतका मोठा परिणाम कसा?

१८८९ च्या निबंधात अऱ्हेनियस यांनी उत्तर दिले. सगळे रेणू क्रियेत भाग घेत नाहीत. ठरावीक ऊर्जेचा उंबरठा ओलांडणारे थोडेच ‘सक्रिय’ रेणू बदलतात. तापमान थोडे वाढले, की उंबरठा ओलांडणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते. हा उंबरठा म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकातील सक्रियण ऊर्जा. तापमान आणि क्रियेचा वेग यांचे नाते नेदरलँड्सचे याकोबस व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये सूत्रात मांडले होते. त्या सूत्राचा अर्थ अऱ्हेनियस यांनी लावला.

याचा उपयोग कुठे झाला?

एखाद्या पदार्थाचा उंबरठा किती उंच आहे हे कळले, की तो कोणत्या तापमानाला किती दिवसांत खराब होईल याचा हिशेब करता येतो. समजा, १० अंशांना वेग दुप्पट होतो. मग ४० अंशांवर औषध २० अंशांपेक्षा चौपट वेगाने खराब होईल. सहा महिने ४० अंशांवर तग धरलेले औषध २० अंशांवर दोन वर्षे टिकेल, असा अंदाज बांधता येतो.

औषध कंपन्यांतील ‘अ‍ॅक्सिलरेटेड स्टॅबिलिटी’ चाचणी याच तर्कावर चालते. औषध ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात. ठरावीक काळाने नमुना काढून मूळ घटक किती उरला आणि नको असलेले घटक किती तयार झाले, हे तपासतात. शेजारी नेहमीच्या तापमानावरची दीर्घकालीन चाचणीही सुरू असते आणि अंदाज तिच्याशी ताडून पाहिला जातो.

प्रथिने वेगळी का वागतात?

अऱ्हेनियस साखरेवर थांबले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी डॅनिश जीवाणूशास्त्रज्ञ थोर्वाल्ड मॅडसेन यांच्यासोबत काम सुरू केले. धनुर्वाताच्या जंतूपासून मिळणारे, रक्तपेशी फोडणारे विष आणि त्यावरचा प्रतिविषाचा उतारा यांची क्रिया त्यांनी रसायनशास्त्राच्या नियमांनी मोजली. १९०४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी या विषयावर व्याख्याने दिली. ती १९०७ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्या पुस्तकाच्या नावातूनच ‘इम्युनोकेमिस्ट्री’ हा शब्द रूढ झाला.

विष व उतारा यांचे नाते सौम्य आम्ल व सौम्य अल्कलीसारखे असते, हा त्यांचा दावा जर्मनीचे पॉल एर्लिक यांना मान्य नव्हता. दोघांत मोठा वाद झाला आणि पुढील संशोधनात अऱ्हेनियस यांचे हे चित्र फार सोपे ठरले. मात्र उष्णतेने ही विषे निष्प्रभ होण्याचा वेग मोजताना एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. साध्या रसायनांच्या तुलनेत तो तापमानाबरोबर कितीतरी जास्त वाढत होता.

१९१० मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी प्रथिनांबाबत हे सविस्तर मोजले. हिमोग्लोबिन गोठण्याचा वेग दर अंशाला सुमारे १.३ पट, तर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा सुमारे १.९ पट वाढत होता. बलकासाठी १० अंशांचा फरक म्हणजे शेकडो पटींची वाढ.

कारण प्रथिनाच्या रचनेत आहे. प्रथिन ही लांब साखळी असते आणि अनेक दुबळ्या बंधांनी ती विशिष्ट आकारात घडी घालून बसलेली असते. एका तापमानापर्यंत घडी टिकते. त्यापुढे बंध एकदम सुटू लागतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि गुठळ्या होतात. उकडलेले अंडे थंड केल्याने पुन्हा कच्चे होत नाही, ते यामुळेच.

म्हणून इन्सुलिन, लस किंवा प्रतिपिंडांवर आधारित औषधांसाठी ४० अंशांवरचा हिशेब पुरेसा मानला जात नाही. त्यांची मुदत मुख्यतः प्रत्यक्ष साठवणुकीच्या तापमानाला, प्रत्यक्ष तेवढा काळ ठेवून ठरवली जाते. त्यांच्या घडीची ताकद पाहण्यासाठी ‘डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री’ वापरतात. यात प्रथिनाचे द्रावण आणि प्रथिन नसलेले तसेच द्रावण एकाच गतीने तापवतात. घडी सुटताना प्रथिन जास्तीची उष्णता शोषते आणि आलेखावर उंचवटा दिसतो. त्याच्या शिखराचे तापमान जितके जास्त, तितकी घडी सहसा मजबूत.

लशीच्या कुपीवरील चौकोन काय सांगतो?

लशीच्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. या खुणेला ‘व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर’ म्हणतात. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीवर ती १९९६ मध्ये प्रथम आली. चौकोनातील रसायन उष्णतेने गडद होते आणि त्याचा वेग लशीच्या उष्णता सोसण्याच्या क्षमतेशी जुळवलेला असतो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद. गावातल्या आरोग्यसेविकेला गणित न करता वाटेत लशीला किती ऊन लागले ते समजते.

काळजीपूर्वक मोजणीचा फायदा कसा होतो, याचे उदाहरण पुण्यातले आहे. सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी बनवलेल्या ‘मेनआफ्रिव्हॅक’ या मेंदूज्वराच्या लशीला २०१२ मध्ये ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवसांपर्यंत वापरण्याची मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळालेली ती पहिली लस. त्याच वर्षी बेनिन या देशात बर्फाच्या पेट्यांशिवाय ती दूरच्या खेड्यांत पोहोचली.

अऱ्हेनियस यांचे पुढे काय झाले?

१८९६ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचा हिशेबही त्यांनी मांडला होता. १९०५ पासून ते स्टॉकहोमच्या नोबेल भौतिकीय रसायनशास्त्र संस्थेचे संचालक होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्राहकासाठी यातला अर्थ सरळ आहे. पाकिटावरील तारीख त्यावर लिहिलेल्या तापमानासाठीच खरी असते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेल्या गोळ्यांना ती तारीख लागू होत नाही. उन्हात तापलेले इन्सुलिन तर नंतर फ्रिजमध्ये ठेवूनही पूर्ववत होत नाही. शंका असल्यास ते वापरण्यापूर्वी औषध विक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारणे योग्य.