हानाबुसा इच्चो

हानाबुसा इच्चो (इ.स. १६५२ – इ.स. १७२४) हा जपानमधील एदो काळातील चित्रकार व कवी होता. शहरी जीवनाच्या मिस्कील चित्रणासाठी आणि बारा वर्षांच्या हद्दपारीसाठी तो ओळखला जातो.

== सुरुवातीचे जीवन ==
इच्चोचा जन्म ओसाका येथे एका वैद्याच्या घरी झाला. लहानपणीच तो कुटुंबासह एदो (सध्याचे तोक्यो) येथे आला. तेथे त्याने राजाश्रय लाभलेल्या कानो घराण्यातील कानो यासुनोबु याच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले. पुढे त्याला तेथून काढून टाकण्यात आले, असे सांगितले जाते. या काळात तो तागा चोको या नावाने चित्रे काढत असे. कवी मात्सुओ बाशो आणि त्याचा शिष्य किकाकु यांच्याशी त्याचा स्नेह होता. योशिवारा या गणिकावस्तीतही त्याचा वावर असे.

== मिताते चित्रे ==
जुन्या कथेतील किंवा इतिहासातील पूज्य व्यक्ती समकालीन वेशात, अनपेक्षित रूपात दाखवण्याच्या पद्धतीस जपानी भाषेत ‘मिताते’ म्हणतात. अशी अनेक चित्रे ‘काकेमोनो’ म्हणजे भिंतीवर टांगायच्या उभ्या गुंडाळीपटांवर काढली जात. झेन पंथाचा आद्य आचार्य बोधिधर्म याला गणिकेच्या रूपात दाखवणाऱ्या ‘स्त्री-दारुमा’ या चित्रप्रकाराचा उगम परंपरेने इच्चोकडे दिला जातो. भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्माने नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान केले, अशी आख्यायिका आहे. ग्राहकांची वाट पाहत वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्या गणिकेची तपश्चर्या त्याहून कमी नाही, असा या चित्रामागील विनोद आहे. त्यात आचार्याची थट्टा आहे, तशीच गणिकेविषयी सहानुभूतीही आहे.

== हद्दपारी ==
इ.स. १६९८ मध्ये इच्चोला मियाकेजिमा या ज्वालामुखी बेटावर हद्दपार करण्यात आले. शिक्षेच्या कारणाविषयी मतभेद आहेत. नौकेतील नर्तकीच्या एका चित्रातून त्याने शोगुन तोकुगावा त्सुनायोशी व त्याची उपपत्नी यांच्यावर टीका केली, अशी लोकप्रिय समजूत आहे. बेटावर तो रहिवाशांसाठी देवदेवतांची, तर एदोतील चाहत्यांसाठी शहरी जीवनाची चित्रे स्मरणातून काढत असे. इ.स. १७०९ मध्ये त्सुनायोशीच्या मृत्यूनंतर सर्वसाधारण माफी जाहीर झाली व तो एदोला परतला. त्यानंतर त्याने हानाबुसा इच्चो हे नाव धारण केले. ‘इच्चो’ म्हणजे ‘एक फुलपाखरू’.

== उत्तरायुष्य व वारसा ==
इ.स. १७१३ मध्ये त्याने बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य काकेमोनो रंगवले. त्यात शोकाकुल शिष्यांबरोबर पशुपक्षीही दिसतात. हे चित्र बॉस्टन येथील ललितकला संग्रहालयात आहे. पाली ग्रंथ ‘उदान’मध्ये आढळणाऱ्या हत्ती व आंधळ्यांच्या कथेवरील त्याचे चित्र इ.स. १८८८ मधील मुद्रणामुळे जगभर परिचित झाले. इ.स. १७२४ मध्ये एदो येथे त्याचे निधन झाले. ‘हानाबुसा’ शैली त्याच्या शिष्यांनी पुढे चालवली.